जुनी डिझेल घेताना: मीटरचा आकडा आणि बिलांची फाईल

श्रोतेहो, नमस्कार.

यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून थोडं जास्तच. मोठा दवाखाना, हायकोर्ट, बियाण्यांची एजन्सी, संत्र्याचा सौदा, सगळ्यासाठी तिकडे धावावं लागतं. तालुक्याच्या गावी नोकरी आणि घर जिल्ह्याच्या गावी, असं रोजचं अपडाऊन करणारे तर घरोघरी आहेत. ज्यांची गाडी महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पळते, त्यांनी जुनी डिझेल गाडी कशी पारखून घ्यावी, ते आज सांगायचं आहे.

आधी हिशेब करू. डिझेल नव्वद रुपये आणि पेट्रोल एकशे पाच रुपये लिटर धरा. तशाच आकाराच्या डिझेल गाडीला वीसचा अ‍ॅव्हरेज, पेट्रोलला पंधराचा. महिन्याला २,४०० किलोमीटर फिरलात तर डिझेलला १०,८०० रुपये लागतात आणि पेट्रोलला १६,८००. सहा हजारांचा फरक. तोच माणूस महिन्याला ६०० किलोमीटर फिरत असेल तर फरक उरतो दीड हजाराचा, आणि तो डिझेलच्या महाग सर्व्हिसिंगमध्ये आणि डिझेल फवारणाऱ्या एखाद्या नोझलच्या कामात जिरून जातो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: महिन्याला पंधराशे किलोमीटरच्या आत फिरणाऱ्यांनी डिझेलच्या नादी लागू नये.

आता मीटर. बाजारात गेलात की प्रत्येक गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटरच चाललेली निघते. आठ वर्षांची डिझेल गाडी आणि साठ हजार? डिझेल कुणी अंगणात उभी ठेवायला घेत नाही. मीटर मागे फिरवणं आज लॅपटॉपवर होतं, त्यामुळे आकड्यावर भाव ठरवू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी असतात. मालकाला सोबत नेऊन त्या काढून घ्या. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पहा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं आहे. गाडी २०१७ ची, मीटरवर पस्तीस हजार, आणि चारही टायर २०२१ चे. मग पहिले टायर कुठे झिजले, हे विचारायलाच हवं.

उलट, एक लाख ऐंशी हजार चाललेली गाडी, पण दर दहा हजारांना ऑईल बदलल्याची बिलं फाईलला लावलेली, अशी मिळाली तर बिनधास्त पुढे बोला. हायवेवर एका गिअरमध्ये चाललेले किलोमीटर इंजिनाला फारसे झिजवत नाहीत. गावात दोन-दोन किलोमीटर, थंड इंजिनावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरलेली गाडी कमी आकड्यातही थकते.

गाडी पाहायला सकाळीच जा. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोहोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गाडी कुणीतरी आधीच तापवून ठेवली आहे. चहा प्या, गप्पा मारा, पण त्या दिवशी सौदा करू नका, दुसऱ्या सकाळी परत या.

थंड इंजिनाला चावी दिल्यावर ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणारा प्लग) पिवळा दिवा लागून विझू द्या, मग सेल्फ मारा. एक-दोन सेकंदांत इंजिन धरलं पाहिजे. एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. सुरुवातीला पांढुरका धूर येऊन लगेच गेला, विशेषतः थंडीत, तर चिंता नाही. पांढरा धूर येतच राहिला आणि डोळे झोंबले, तर डिझेल पूर्ण जळत नाही: ग्लो प्लग गेला असेल, नोझल गळत असेल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी असेल. धुराला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलं. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) सील खराब असेल. काळा धूर त्या मानाने बरा, कारण अनेकदा तो चोंदलेल्या एअर फिल्टरचा, फाटलेल्या टर्बो होजचा किंवा काजळी धरलेल्या ईजीआर व्हॉल्व्हचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) असतो. पण त्यामागे नोझलही असू शकतं, म्हणून नुसतं “फिल्टर बदला, जाईल” यावर विश्वास ठेवू नका.

इंजिन चालू असतानाच ऑईल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. थोडी थरथर चालते. झाकण उडू लागलं, आतून भकाभका धूर आला, तर जळलेला वायू पिस्टनच्या रिंगा ओलांडून खाली येतोय. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. अशी गाडी स्वस्तातही महाग पडते, कारण पुढचं काम हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगा बदलण्याचं असतं. डिपस्टिकवर ऑईल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं होतं. झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, किंवा ऑईलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली, तर थांबा. पातळी वाढली याचा अर्थ ऑईलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय.

कूलंटच्या टाकीकडे आपल्याकडे जास्त बारकाईने पाहावं लागतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि कूलंट संपलं की लोक बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. टाकीतलं पाणी विटकरी असेल तर आत गंज आहे, वर तेलाची साय असेल तर गॅस्केट संपलं. थंड गाडी सुरू करून दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक झाला तरी संशय गॅस्केटचाच. दुसरी एक सवय इकडच्या गॅरेजमध्ये आहे: गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकतात. मग इंजिन कधी पुरतं तापतच नाही, अ‍ॅव्हरेज घसरतो, झीज वाढते. डिसेंबरच्या सकाळी हायवेवर तापमानाचा काटा खाली जात असेल तर थर्मोस्टॅट आत आहे का ते विचारा. तपासणीच्या शेवटी गाडी उन्हात उभी करून वीस मिनिटं एसी चालवा. पंखा मोठ्या वेगात लागला पाहिजे आणि काटा निम्म्यावर स्थिर राहिला पाहिजे.

आता नोझल, म्हणजे इंजेक्टर. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या नोझलना मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात, सर्वात महाग भागांपैकी हा एक. चांगल्या मिस्त्रीकडे रिटर्न टेस्ट करून घ्या: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि बाटल्या शेजारी ठेवून पाहायच्या. चारही सारख्या भरल्या तर उत्तम. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजला. स्कॅनर लावला असेल तर आयडलला, म्हणजे रेस न देता, रेलचं प्रेशर साधारण २५० ते ३५० बारमध्ये स्थिर दिसलं पाहिजे. इथे एक इशारा. जुन्या इंडिकाच्या किंवा सुमोच्या दिवसांत कोणता सिलिंडर बंद आहे ते शोधायला चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करायचे. कॉमन रेलवर हे कदापि करू देऊ नका. त्या नळीत हजार-दीड हजार बारपर्यंत दाब चढतो, डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.

इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप अनेकदा पाण्याने मरतात. शेतावर ट्रॅक्टरसाठी ड्रमात किंवा कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतलं जातं आणि पावसाळ्यात ड्रममध्ये ओल धरते. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर त्या टाकीत काय काय गेलंय याचा अंदाज येतो.

टर्बो तपासायला इंजिन बंद करून एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढा आणि टर्बोच्या पंख्याचा दांडा बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे अजिबात हलता कामा नये. पाईपमध्ये ऑईलचा हलका ओलावा असतोच, डबकं नको.

रस्त्यावर चालवताना चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला रेस पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपली. इंजिन बंद करताना खालून खडखड झाली तर डबल मास फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं, धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) पहा, क्लचपेक्षा तेच महाग पडतं. नंतर गाडी एखाद्या पांदण रस्त्यावर पंधराच्या वेगाने घाला, रेडिओ बंद ठेवून. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्टीअरिंग रॅक, सगळं तिथे बोलतं. यातली बहुतेक कामं फार महागाची नाहीत, फक्त भाव पाडायला उपयोगी पडतात.

कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न हमखास येतो. पहिली कसोटी अशी की तुमच्या तालुक्याच्या मिस्त्रीला ती उघडता येते का, आणि तिचे पार्ट अमरावती-नागपूरला त्याच दिवशी मिळतात का. या कसोटीवर स्विफ्ट, डिझायर, अर्टिगातलं १,२४८ सीसीचं फियाटचं १.३ लिटर इंजिन सर्वात सोपं. टाटाच्या व्हिस्टा, मान्झा, झेस्टमध्येही तेच होतं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण पार्टची ददात नाही. या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी टायमिंग चेन आहे आणि चेनचा ताण ऑईलच्या दाबावर राहतो. ऑईल उशिरा बदललं किंवा कमी पातळीवर गाडी चालवली की चेन सैल पडते. थंड सुरुवातीला पुढच्या बाजूने खळखळ आली आणि दोन-तीन सेकंदांत थांबली नाही, तर चेन किटचा खर्च किमतीतून वजा करा. चेन सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. २०१९-२० मध्ये अर्टिगा आणि सियाझमध्ये मारुतीचं स्वतःचं १.५ लिटर डिझेल जेमतेम वर्षभर आलं. इंजिन चांगलं, पण संख्या कमी, म्हणून खेड्यात राहणाऱ्याने ते टाळलेलं बरं.

टोयोटा इटिऑसचं १.४ डिझेल शांतपणे लाखो किलोमीटर ओढतं. जुन्या इनोव्हाचं अडीच लिटरचं तर त्याहून दणकट, पण त्यात चेनऐवजी टायमिंग बेल्ट आहे. डस्टरमध्ये आणि फोर्डच्या फिगो, इकोस्पोर्टच्या डिझेलमध्येही बेल्टच आहे. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेलाच नाही असं समजा. तुटला की इंजिन गेलं. इनोव्हा आणि इटिऑस घेताना ती आधी टॅक्सी होती का, ते आरसीच्या जुन्या नोंदीत पहा. टॅक्सी असणं वाईट नाही, लपवणं वाईट. बोलेरो पांदणीला आणि काळ्या मातीच्या चिखलाला उत्तम, पण रोज समृद्धीवर शंभरच्या वेगाने पळणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक) डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला पंधरा-वीस मिनिटं सलग, तापलेल्या इंजिनावर गाडी पळावी लागते. लांब पल्ल्याच्या माणसाला त्याचा त्रास नाही. पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचा डीपीएफ चोंदतो. यात कमी राखेचं, सी-थ्री सारख्या प्रतीचंच ऑईल चालतं. मागच्या मालकाने साधं ऑईल टाकलंय का ते बिलावर वाचा. डीपीएफ कापून पोकळ केलेली गाडी घेऊ नका.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचीही भीती आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या नागपूरच्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, वरच्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर समजून जा. सीटखालची रुळं आणि स्टेपनीचा खड्डा गंजला आहे का पहा.

कागदपत्रं थोडक्यात. चेसिस नंबर गाडीवर कोरलेला वाचून आरसीशी जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी. तेलंगण, मध्य प्रदेश किंवा दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो धरून किंमत करा. डिझेलला दहा वर्षांची मर्यादा ही दिल्ली आणि राजधानी क्षेत्राची गोष्ट आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या.

गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्याच महिन्याच्या कामासाठी बाजूला ठेवा. घरी आणल्यावर ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर एकदम बदला, कूलंट काढून निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी भरा. मागच्या मालकाने कधी बदललं यावर जाऊ नका. त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि हजार किलोमीटर होईपर्यंत दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, थंड गाडीची डिपस्टिक पहा. हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून जास्त ऑईल कमी होत असेल तर मिस्त्रीकडे टर्बो आणि कॉम्प्रेशन दोन्ही तपासून घ्या.

नमस्कार.