पूर्वपक्ष आधी, मग तुमचं म्हणणं

नमस्कार. मागं उभं राहू नका, पुढं खुर्च्या आहेत, या. पत्रिकेत विषय छापलाय 'शाळेत वैचारिक निबंध कसा शिकवावा', पाऊण तास मिळणार होता, त्यातला बराचसा सत्कारात गेला, तेव्हा लगेच सुरू करतो.

आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघायला जाणाऱ्यांना माझं म्हणणं पटकन कळंल. मॅच सुटली की गेटाबाहेर पोरांची जुंपलेली असते, गोल ऑफसाईड होता का नव्हता. एकजण म्हणतो होता, दुसरा म्हणतो कशावरनं? मग पहिला सांगतो शेवटचा डिफेंडर कुठं होता, पास कधी सुटला, झेंडा कधी वर गेला. दुसरा म्हणतो, तू तर गोलच्या मागं बसला होतास, तुला लाईन दिसणार कशी? म्हणजे बघा, दावा झाला, पुरावा झाला, पुरावा देणारा कुठं बसला होता तेही तपासून झालं. तोच पोरगा सोमवारी वर्गात 'मोबाईल : शाप की वरदान' लिहायला घेतो आणि पहिलंच वाक्य, 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात'. शेवटी 'अति तेथे माती'. मधलं सगळं गाईडातलं. तीस वर्षं मराठी शिकवली मी, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या पोराला वाद घालता येतो, फक्त वहीत घालायची परवानगी नाही असं त्याला वाटतं.

हे त्याला का वाटतं ते मला नववीत कळलं. शाळेचं नाव घेत नाही. विषय होता 'शहर चांगले की खेडे'. आमचं गाव नदीकाठचं, पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जायचा. त्या वर्षी माझ्या आत्तीला कळा सुरू झाल्या आणि गुऱ्हाळातल्या काहिलीत बसवून तिला पलीकडं न्यावं लागलं. इथल्या बऱ्याच जणांनी बघितलंय हे, पूर आला की गूळ करायची काहिल म्हणजेच नाव. चार गडी पोहत काहिल ढकलत होते आणि मी काठावर कंदील धरून उभा. ते सगळं मी लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असावा, म्हणून मला शहर बरं वाटतं. दहापैकी तीन मार्क. खाली लाल शाईत, 'निष्कर्ष समतोल हवा. गावाची निंदा करू नये.' शेजारच्याला आठ मिळाले, त्यानं खळाळणारा ओढा आणि माळावरची गुरं लिहिली होती, त्याचं घर शहरात भर पेठेत. तीन मार्कांचं काही नाही ओ. पण त्यानंतर दहावी होईपर्यंत मी एकही खरी गोष्ट निबंधात लिहिली नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती आजही तशीच आहे.

आता कुणी म्हणंल, मग पोरांना काय वाट्टेल ते लिहू द्यायचं का? नाही. कोल्हापूरचंच उदाहरण देतो. १८८२ साली टिळक आणि आगरकर मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, ते आपल्या संस्थानाच्या प्रकरणामुळं. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय म्हणून त्यांनी केसरी आणि मराठा या आपल्या वर्तमानपत्रांतनं संस्थानाचे कारभारी बर्वे यांच्यावर आरोप केले, आणि आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. माफी मागितली तरी शिक्षा झाली. कळकळ खरी होती हो, कागद खोटे होते. मी वर्गात ही गोष्ट दरवर्षी सांगायचो, पोरं एकदम गप्प व्हायची.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मग हद्दवाढीचं तेवढं सांगतो, कारण खरं व्याख्यान तेच आहे.

शहराची हद्द वाढवून भोवतालची गावं महापालिकेत घ्यायची का नाही, १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासनं हा वाद चालूच आहे. माझ्या वर्गात निम्मी पोरं पेठांतली, निम्मी उचगाव, पाचगाव, कळंब्याकडची. निबंध दिला आणि अट घातली, की आधी समोरच्याची बाजू लिहायची, आणि ती समोरच्याला वाचून दाखवायची, तो 'हेच माझं म्हणणं' बोलला तरच पुढं जायचं. आपल्या शास्त्रकारांची रीत आहे ही, पूर्वपक्ष आधी, उत्तर नंतर. पहिल्या दिवशी एकही वही पास झाली नाही. शहरातला लिहितो 'गावकऱ्यांना विकास नको', गावातली पोरगी म्हणते, असं कोण म्हणालं? घरफाळा म्हणजे घरपट्टी वाढणार, शेतावर आरक्षण पडणार, ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येतं ते महापालिकेत कुणाला विचारायचं, हे लिही. त्यानं लिहिलं. मग तिच्यावर पाळी आली, तिलाही लिहावं लागलं की ती केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, शाळेला येते आणि ती केएमटी शहराच्या पैशानं चालते. दोघांची मतं बदलली नाहीत. पण तिनं शेवटी 'हद्दवाढ नको' एवढंच न लिहिता 'आधी घरफाळा किती वर्षं वाढणार नाही ते लेखी द्या' असं लिहिलं. तिला मी दहापैकी नऊ दिले.

आता भराभर. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, वैचारिक लेखन आत्मकथन आणि प्रसंगलेखनाशेजारी पर्याय म्हणून येतं, म्हणून शिक्षक ते सोडूनच देतात, पोरांना 'मी फळा बोलतोय' पाठ करून घेतात. तसं करू नका. 'शाप की वरदान' छापाचे विषय बंद करा, उत्तर हो किंवा नाही येईल असा, गल्लीतला विषय द्या. पहिल्या दोन ओळींत मत यायला पाहिजे. एक पुरावा तरी स्वतः बघितलेला किंवा विचारून आणलेला पाहिजे, आणि कुणाला विचारलं तेही लिहायचं. तपासताना मत आपल्याला पटतंय का ते बघायचं नाही, पूर्वपक्ष नीट मांडलाय का ते बघायचं, आणि लाल शाईत 'समतोल हवा' तेवढं कृपा करून लिहू नका.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. खाली चहा आहे, प्रश्न तिथं विचारा, आणि हद्दवाढीवर ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी आधी माझं म्हणणं मला सांगायचं, मी हो म्हटलं की मग सुरू करा.