कोर्स १०० टक्के कम्प्लीट! पण नोंद नेमकी कशाची झाली?

[टेबलावर लॅपटॉप उघडा. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

मार्च संपत आला की ऑफिसात एक मेल फिरतो. ‘आपला अनिवार्य कोर्स अद्याप पेंडिंग आहे. कृपया ३१ तारखेच्या आत पूर्ण करावा.’ सीसीमध्ये साहेब. मग काय, एका विंडोत कोर्स, दुसरीत एक्सेल, आवाज म्यूट. कोपऱ्यातलं नेक्स्टचं बटण उजळलं की दाबायचं आणि परत एक्सेलवर यायचं. शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं शेजारच्या डेस्कवरून आधीच आलेली असतात. ‘सगळ्यात लांबलचक पर्याय टिक कर रे, बरोबरच असतो.’ सर्टिफिकेट डाउनलोड, विषय संपला.

नमस्कार मंडळी! असे कोर्स बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे नेक्स्ट दाबणाऱ्यांवर मी चिडणार नाहीये. तुम्ही जे करता ते अगदी शहाणपणाचं आहे. सिस्टीम जे मोजते तेवढंच तुम्ही तिला देता. आज आपण बघणार आहोत की ती मोजते काय, आणि फोन, व्हिडिओ, हेडसेटमधलं आभासी जग म्हणजे व्हीआर, एआय असं काहीही नवीन आलं की मोजमाप कसं बदलतं आणि त्यापाठोपाठ कोर्सही कसा बदलतो.

तर जरा मागे जाऊ. ऑफिसच्या ऑनलाइन कोर्सचं मूळ विमानांच्या धंद्यात आहे. ऐंशीच्या दशकात वैमानिक आणि मेंटेनन्सवाल्यांचं ट्रेनिंग कॉम्प्युटरवर सुरू झालं होतं, पण प्रत्येक विमान कंपनीचं ट्रेनिंग वेगळ्या मशीनवर चालायचं. एकाचं दुसऱ्यावर चालेना. म्हणून १९८८ मध्ये एआयसीसी नावाची समिती बसली आणि कोर्सनं सिस्टीमला काय काय कळवायचं याचे नियम तिनं ठरवले. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका उपक्रमानं त्यातलंच बरंचसं उचलून ‘स्कॉर्म’ नावाचं मानक काढलं. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ सालची आहे. आज २०२० च्या दशकातही ढीगभर कंपन्यांमध्ये हीच चालते. तुमचा मागच्या महिन्यातला कोर्स बहुधा याच भाषेत बोलत होता.

[स्क्रीनवर: सहा चौकटी]

ही भाषा किती बोलते? कोर्सच्या स्थितीबद्दल तिच्याकडे मोजून सहा शब्द आहेत. पास झाला, नापास झाला, पूर्ण केला, अर्धवट आहे, नुसता चाळला, हातच लावला नाही. शिवाय मार्कांचा एक आकडा, किती वेळ लागला तो एक आकडा, आणि तुम्ही कुठल्या पानावर होता याची एक खूण. वेळेचं म्हणाल, तर बहुतेक कोर्समध्ये विंडो किती वेळ उघडी होती तेवढंच मोजलं जातं. तुम्ही डबा खाऊन आलात तरी ती वीस मिनिटं अभ्यासातच धरली जातात.

म्हणजे हे शिक्षण कमी आणि मस्टर जास्त. मस्टरवर सही केली म्हणजे माणूस आला होता एवढंच सिद्ध होतं. आणि कंपनीला बऱ्याचदा तेवढंच हवं असतं, हेही सांगून टाकते. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा घ्या. त्याच्या कलम १९ नुसार मालकानं ठरावीक काळानं कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घेतले पाहिजेत. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला यादी लागते, आणि ती यादी एलएमएस, म्हणजे कोर्स चालवून त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, एका क्लिकवर काढून देतं. कायद्याचा हेतू त्या यादीत मावतो का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

बरं, आता एक उपयोगाची गोष्ट. ‘मी पूर्ण कोर्स केला तरी इनकम्प्लीट दाखवतंय’ ही तक्रार प्रत्येक ऑफिसात असते, आणि आयटीवाले ‘कॅशे क्लिअर करा’ म्हणून मोकळे होतात. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं. कोर्स आणि एलएमएस तुमच्या ब्राउझरमध्ये एकमेकांशी बोलत असतात. शेवटी कोर्स म्हणतो ‘हे जपून ठेव’ आणि मग ‘माझं झालं’. तुम्ही कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून टॅब बंद केला, किंवा जेवायला गेलात आणि तेवढ्यात लॉगिन संपलं, तर ते शेवटचं वाक्य पोचतच नाही. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. तुम्ही कुठे होता, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, हे सगळं लक्षात ठेवायला स्कॉर्म १.२ मध्ये जागा आहे ४०९६ अक्षरांची. कोर्स लांबलचक असला की ती भरते आणि पुढचं लिहिलंच जात नाही. म्हणून कोर्समध्येच दिलेलं एक्झिटचं बटण दाबा, दोन-चार सेकंद थांबा, मग विंडो बंद करा. आणि लॉगिन करून तासभर तसंच सोडून जाऊ नका. निम्मी भांडणं मिटतील.

[लॅपटॉप बाजूला, हातात फोन.]

या सगळ्या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का फोननं दिला. तोपर्यंत कोर्स बनायचे फ्लॅश नावाच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. मस्त हलायचे, आवाज करायचे. पण आयफोननं फ्लॅश कधीच चालवलं नाही, आणि अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला त्याला कायमचा रामराम ठोकला. बारा दिवसांनी, १२ जानेवारीला, जुना मजकूरही ब्लॉक. लाखो रुपये घालून केलेले कोर्स उघडेनात. आमच्या धंद्यात तेव्हा दिवाळी होती, खोटं कशाला बोलू!

पण फोनचा खरा फरक डेस्क नसलेल्या लोकांना पडला. नर्स, शिक्षक, ड्रायव्हर, शॉप फ्लोअरवरचा ऑपरेटर, यांना कंपनीचा ईमेलही नसतो कित्येकदा. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे दीक्षा. २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेलं हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ पालकांना बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे माहीत झालं. पण २०२० मध्ये शाळा बंद असताना देशभरातल्या शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण त्याच्यावरच झालं. आधी जे प्रशिक्षण समोरासमोर बसून व्हायचं, ते आता घरातल्या एकाच फोनवर आलं. तोच फोन मुलांच्या ऑनलाइन शाळेलाही लागायचा, हे ज्यांच्या घरात मास्तर किंवा बाई आहेत त्यांना सांगायला नको. प्रशिक्षण सगळ्यांपर्यंत पोचलं, हे खरंच मोठं काम झालं. गेलं काय, तर चहाच्या सुट्टीतलं ‘तुमच्याकडे हे कसं करता हो?’ त्याची नोंद कुठल्याच सिस्टीममध्ये कधी नव्हती, त्यामुळे ते गेलेलंही कुणाच्या रिपोर्टमध्ये दिसलं नाही.

कारखान्यात तर वेगळीच गंमत. चाकण-रांजणगावकडच्या कित्येक प्लांटमध्ये गेटवरच सिक्युरिटीवाला फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. आणि आत ट्रेनिंगवाल्यांची हौस असते मशीनवर क्यूआर कोड लावायची. स्कॅन करा आणि व्हिडिओ बघा म्हणे! कशानं स्कॅन करू?

आता व्हिडिओकडे येऊ. ‘व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर नको’ हे वाक्य ट्रेनिंगच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतं. ते आलं २०१४ च्या एका अभ्यासातून. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ सत्रं तपासली होती आणि दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या आतच सुटतात. पण दोन गोष्टी सोयीनं विसरल्या जातात. एक, ते स्वतःहून कोर्सला आलेले विद्यार्थी होते, एचआरच्या मेलमुळे आलेले कर्मचारी नव्हते. दोन, मोजलं होतं ते किती वेळ बघितलं हे. किती कळलं हे नाही! तरी आम्ही कात्री घेऊन बसलो आणि चाळीस मिनिटांच्या कंटाळवाण्या व्हिडिओचे आठ तुकडे केले. त्याला नाव दिलं मायक्रोलर्निंग.

दुप्पट वेगानं व्हिडिओ बघणाऱ्यांनाही उगीच शिव्या बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तर दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नाही. अडीचपट केल्यावर घसरण झाली. तेव्हा तुमचा अडीच तासांचा डेटा सुरक्षेचा कोर्स दुप्पट वेगानं बघा खुशाल.

मग फरक कशानं पडतो? स्वतःला प्रश्न विचारण्यानं. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण वापरतात थोडेच. विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. काहींची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. काहींची आठवड्यानं घेतली, तर उलटं झालं. वाचलेला ४२ वर आला, आठवून लिहिलेला ५६ वर राहिला. आता आपली कोर्सची टेस्ट कधी असते? व्हिडिओ संपल्यावर लगेच, पाच मिनिटांत! म्हणजे शिकणं सगळ्यात चांगलं झाल्यासारखं वाटतं, नेमक्या त्याच क्षणी आपण मोजून मोकळे होतो. फोन खिशात असताना आठवड्यानं एक प्रश्न पाठवणं किती सोपं आहे! व्हॉट्सॲपवरसुद्धा जमेल. पण तोपर्यंत सर्टिफिकेट देऊन झालेलं असतं, फाइल बंद.

आणि प्रश्नही कसा विचारता यावर असतं. लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे लोटो, घ्या. मशीन साफ करताना किंवा दुरुस्त करताना कुणी ती चालू करू नये म्हणून कुलूप लावायचं. नेहमीच्या कोर्समध्ये प्रश्न असतो, ‘लोटोचा फुलफॉर्म सांगा.’ आता हा प्रश्न बघा.

[स्क्रीनवर: हायड्रॉलिक प्रेसचा फोटो]

प्रेस जाम झालीये. तुम्ही मेन ब्रेकर बंद केला. कुलूप लावलं, टॅगवर नाव लिहिलं, चावी खिशात. आता हात घालायचा का?

[दोन सेकंद शांत.]

नाही! आधी स्टार्टचं बटण दाबून बघायचं. चुकीचा ब्रेकर पाडला असेल तर तिथंच कळेल. मग बटण परत बंद स्थितीत आणायचं. आणि वीज गेली तरी हायड्रॉलिकच्या लाइनमध्ये प्रेशर शिल्लक असतं, ते सोडायचं, गेज शून्यावर आलाय का बघायचं, वर उचललेला रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा भाग, खाली येऊ नये म्हणून ब्लॉक लावायचा. हे ज्याला आठवलं त्याचा हात वाचला. फुलफॉर्म विसरला तरी चालेल त्याला.

अशा धोक्याच्या कामांसाठी व्हीआर खरंच कामाचं आहे, कारण तिथं चुकता येतं. अमेरिकेत वॉलमार्टनं २०१८ मध्ये दुकानांतल्या ट्रेनिंगसाठी १७ हजार ऑक्युलस गो हेडसेट घेत असल्याचं जाहीर केलं होतं. दोन वर्षांत त्या मॉडेलची विक्रीच बंद झाली. म्हणजे फ्लॅशचीच कहाणी पुन्हा.

पण व्हीआर आणि नव्या व्हिडिओ प्लेअरनी एक मोठी गोष्ट बदलली. हेडसेटला तुमचं डोकं कुठं वळलं ते कळतं. २०१३ साली स्कॉर्मच्या पुढचं एक्स-एपीआय नावाचं मानक आलं, त्यात सहा शब्दांची अडचणच नाही. ‘कोणी, काय केलं, कशाचं’ अशी हवी तेवढी वाक्यं. अमुक यांनी व्हिडिओ ३ मिनिटं १२ सेकंदांवर थांबवला. अमुक यांनी तिसरा प्रश्न दोनदा चुकवला. कोर्स सुधारायला ही माहिती सोन्यासारखी आहे. शंभर लोक एकाच जागी मागे जात असतील तर तिथं माझं समजावणं कच्चं आहे. पण तीच यादी नावानिशी अप्रेझलच्या टेबलावर गेली तर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीसंबंधी काही कारणांसाठी संमती न घेताही डेटा वापरायची सोय आहे, कलम ७ वाचून बघा. जिथं चुकायला वाव हवा तिथंच प्रत्येक चूक नोंदली जाणार असेल, तर माणूस पुन्हा सगळ्यात लांब पर्याय शोधायला लागतो. माझ्या मते कोर्स चालू असतानाच्या चुका साहेबांना दिसताच कामा नयेत. कोर्स विकत घेताना एचआरनं हे लेखी मागावं.

राहिला एआय. एआयचा बोलका चेहरा लावून व्हिडिओ स्वस्तात बनतात, त्याचं मला कौतुक नाही. सुटाबुटातला एक न घाबरणारा माणूस तीच स्लाइड वाचून दाखवतो, एवढंच. चिडलेला ग्राहक बनून तो तुमच्याशी भांडायला लागला तर मात्र मजा आहे, कॉल सेंटरच्या पोरांना असा सराव हवाच असतो. पण एआयचा खरा घाव दुसरीकडे आहे. आता ब्राउझरमध्येच असे एजंट आलेत, ज्यांना ‘हा कोर्स पूर्ण कर’ म्हटलं की ते स्वतः नेक्स्ट दाबतात आणि प्रश्नांची उत्तरंही देतात. एक सॉफ्टवेअर शिकणार, दुसरं सॉफ्टवेअर ‘पूर्ण केला’ असं लिहिणार. माणूस आला होता हेही आता त्या नोंदीतून सिद्ध होत नाही.

त्यामुळे ज्यांना खरंच शिकवायचंय ते काय करतायत सांगू? माहितीचा भाग फोनवर ठेवतात, हवा तेव्हा सापडेल असा. टिक मात्र स्क्रीनवर देत नाहीत. आठवड्यानं सुपरवायझर मशीनपाशी जातो, कुलूप आणि टॅग ऑपरेटरच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘लाव, आणि मला सांगत सांगत लाव.’ स्टार्टचं बटण दाबून बघितलं, तरच फोनवर हिरवी खूण. नाहीतर ‘परवा परत येतो’.