प्लेअर बदलण्याआधी कंट्रोल-जे दाबा

संगणकावर व्हिडिओ लावायच्या प्लेअरबद्दल तक्रारी मोजून पाच असतात. फाइल उघडतच नाही, चित्र दिसतं पण आवाज नाही, चित्र अडखळतं, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, सबटायटलमध्ये मराठीऐवजी चौकोन दिसतात. या पाचांना आपण एकच नाव देतो, 'प्लेअर भिकार आहे', आणि दुसरा उतरवून घेतो. त्यातही तेच झालं की तिसरा. यातल्या निम्म्या तक्रारी प्लेअर बदलून जातच नाहीत. म्हणून आज प्लेअरबद्दल बोलण्याआधी फाइलबद्दल बोलू.

एमकेव्ही, एमपी४ ही डब्यांची नावं. आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता निघतो हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. इथेही तसंच. डब्यात चित्र कुठल्या पद्धतीने (म्हणजे कुठल्या कोडेकने) दाबून भरलंय, आवाज कुठल्या, हे नावावरून कळत नाही. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. चित्र एच.२६४ आहे, एचईव्हीसी आहे की एव्ही१, आवाज एएसी आहे की डीटीएस, सगळं समोर येतं. शेजारच्याच आकडेवारीच्या टॅबमध्ये हरवलेल्या फ्रेम, म्हणजे दाखवायची राहून गेलेली एकेक चित्रं, मोजलेल्या असतात. तो आकडा वाढत असेल तर तुमचं यंत्र मागे पडतंय.

यंत्र मागे का पडतं? एच.२६४ हे २००३ चं तंत्र. आज वापरातल्या जवळपास सगळ्या संगणकांतली ग्राफिक्स चिप ते स्वतः उलगडते. एचईव्हीसी २०१३ चं. त्यातला १० बिटचा, म्हणजे रंगांच्या जास्त छटांचा, प्रकार इंटेलच्या प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासूनच चिपवर पूर्ण उलगडतो. एव्ही१ साठी अकरावी पिढी लागते. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर ४के आकाराची १० बिट फाइल लावली की सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, पंखा घोंगावतो, चित्र धक्के खात चालतं. हा दोष कुठल्याच प्लेअरचा नाही. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, एच.२६४ निवडा, आकार १०८० वर आणा, दर्जाचा आकडा २० ते २२ ठेवा, आणि रात्री लावून झोपा. जुन्या यंत्राला काही तास लागतात.

यंत्र नवं असूनही अडखळत असेल तर मात्र प्लेअरची सेटिंग बघा. व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स. तिथे हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे चिपकडून उलगडून घेणं, बंद असेल तर 'ऑटोमॅटिक' करा. आधीच चालू असेल आणि चित्रात हिरवे पट्टे येत असतील तर उलट बंद करून बघा. बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, जुना निघतो.

चित्र आहे, आवाज नाही, ही टीव्हीच्या पेनड्राइव्हवरची नेहमीची रड. आवाज डीटीएस किंवा डॉल्बीच्या एखाद्या प्रकारात असतो आणि टीव्हीने किंवा फोनवरच्या प्लेअरने त्याचा परवाना घेतलेला नसतो. फोनवर व्हीएलसी टाकलं की काम होतं. टीव्हीवर होत नाही. तिथे फाइलच बदलायला हवी. पण पूर्ण फाइल पुन्हा बनवू नका. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरला चित्रासाठी 'कॉपी' आणि आवाजासाठी 'एएसी' सांगा. चित्राला हात लागत नाही, फक्त आवाज नव्याने भरला जातो, आणि दोन तासांचा चित्रपट काही मिनिटांत तयार होतो. हँडब्रेक इथे चालत नाही, ते चित्रही पुन्हा बनवतंच. आणि पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल उतरतच नसेल तर तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. टीव्हीला चालत असेल तर एक्सफॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी दुसरीकडे काढून ठेवा.

ओठ आणि शब्द. ब्लूटूथ हेडफोन लावले की आवाज थोडा उशिराच येतो. व्हीएलसीत 'जे' हे अक्षर दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, के दाबलं की तेवढाच पलीकडे जातो. चार-पाच वेळा जे दाबून बहुतेक हेडफोन जुळतात. सबटायटलसाठी हेच काम जी आणि एच करतात: जी अलीकडे, एच पलीकडे.

सबटायटल सुरुवातीला जुळतं आणि पुढे पुढे घसरत जातं, तेव्हा जी-एच दाबत बसू नका. ते सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनलेलं असतं आणि तुमची प्रत २३.९७६ ची असते, किंवा उलट. फरक सव्वाचार टक्क्यांचा, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे २५ सेकंद. सबटायटल एडिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलण्याचा पर्याय आहे. जुना आकडा, नवा आकडा, सेव्ह. एकदा केलं की कायमचं मिटलं.

आता मराठी अक्षरं, कारण याबद्दल परदेशी मार्गदर्शकांत एक ओळही सापडत नाही. सबटायटलची एसआरटी फाइल साधी मजकुराची असते, ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसत असेल आणि प्लेअरमध्ये चौकोन येत असतील, तर फॉन्टचा प्रश्न आहे. व्हीएलसीत सबटायटलच्या पानावर फॉन्ट 'निर्मला यूआय' किंवा 'मंगल' करा, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन पडते, जोडाक्षरं हलन्त दाखवून सुटी होतात, असं दिसलं तर प्लेअर जुना आहे. देवनागरीची जुळणी व्हीएलसीत ३.० पासून, म्हणजे २०१८ पासून, नीट होऊ लागली. इथे आवृत्ती बदलणं हाच उपाय.

नोटपॅडमध्येच सगळी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर कुणीतरी ती फाइल 'एएनएसआय' या देवनागरी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली आहे. त्या क्षणी मराठी अक्षरं पुसली गेली. प्रश्नचिन्हांतून ती परत येत नाहीत, मूळ प्रतच मागवा. आणि इंग्रजी अक्षरांचा गचका दिसत असेल, तर मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. 'श्री-लिपी' किंवा 'कृतिदेव' मधला मजकूर प्लेअरने ओळखावा ही अपेक्षाच चूक.

एवढं करून प्लेअर बदलायचाच असेल तर खुशाल बदला. व्हीएलसी हा पॅरिसच्या एकोल सांत्राल या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा १९९६ मधला प्रकल्प. २००१ पासून मुक्त परवान्याखाली. (डिसेंबरात त्याच्या चिन्हातल्या शंकूला सांताची टोपी येते, व्हायरस समजून घाबरू नका.) काहीही उघडतं हा त्याचा गुण. पण एकेक फ्रेम मागे जाता येत नाही, ई दाबून फक्त पुढे जाता येतं. तबल्याचा हात किंवा क्रिकेटमधला चेंडू बारकाईने बघणाऱ्याला हे जाचतं.

विंडोजवर त्याला उत्तर एमपीसी-एचसी हा प्लेअर. दिसायला जुनाट, चालायला हलकं. मूळ चमूने २०१७ मध्ये १.७.१३ वर काम थांबवलं, पुढच्या आवृत्त्या दुसऱ्या स्वयंसेवकांनी चालू ठेवल्या आहेत; त्या घ्या, २०१७ ची नको. कंट्रोल आणि डाव्या-उजव्या बाणाने फ्रेम मागेपुढे होते.

तिसरा प्लेअर एमपीव्ही. त्यात बटणं जवळजवळ नाहीत, सगळं कळफलकावर. स्वल्पविरामाने एक फ्रेम मागे, पूर्णविरामाने पुढे. एल एकदा दाबा, दुसऱ्या जागी पुन्हा दाबा, तेवढाच तुकडा फिरत राहतो. चौकटी कंसांनी वेग कमी-जास्त होतो. बंदिशीची एखादी जागा बसवायला याहून सोयीचं काही नाही. मात्र त्यात हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं. कंट्रोल-एच दाबून चालू करा, नाहीतर पहिल्याच मोठ्या फाइलला 'हाही भिकार' म्हणाल.

घ्यायचं ते मूळ संकेतस्थळावरूनच. २०२२ मध्ये व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होतं, नोव्हेंबरात खुलं झालं. अशा काळात लोक मिळेल तिथून फाइल उचलतात आणि सोबत नको ती सॉफ्टवेअरं घरात घेतात. 'कोडेक पॅक', म्हणजे कोडेकचे वेगळे मिळणारे गठ्ठे, तर टाकूच नका. हे तिन्ही प्लेअर आपले कोडेक सोबत घेऊन येतात. आधी कधी टाकला असेल तर काढा, संगणक पुन्हा सुरू करा, आणि मग तीच अडलेली फाइल परत लावून बघा.