डोकं वळलं की मान?

[दृश्य : नागपुरातला आठवडी बाजार. विक्रेत्याच्या हातात कोंबडी.]

कोंबडी डावीकडे न्या, उजवीकडे न्या, खालीवर करा. धड जातं, डोकं जागचं हलत नाही. विकणारा हसतो, ‘‘पाहा भाऊ, धड माह्या हातात, मुंडकं तिच्या!’’

डोळ्यापुढचं चित्र सरकलं की ते पुसट होतं. ते स्थिर ठेवण्याचं बरंचसं काम पक्षी मानेवर सोपवतात.

[दृश्य : नागपुरातलीच सेमिनरी हिल्स टेकडी. ढोलीत पिंगळा, म्हणजे छोटं घुबड.]

घुबडांचे डोळे तर खोबणीत जवळजवळ रुतलेलेच. म्हणून मानेत 14 मणके, आपल्या दुप्पट, आणि डोकं 270 अंशांपर्यंत फिरतं.

[दृश्य : पिंजऱ्यातला ससा.]

सशाचे डोळे मात्र फिरतात. डोकं उजवीकडे वळलं, की कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका खबर देतात आणि डोळे डावीकडे सरकतात. पण कानाला कळतं ते फक्त डोक्याचं. अख्खा ससा वळला की नुसती मान, हे त्याला कसं कळणार?

ते मान सांगते. कवटीखालच्या खोल स्नायूंमध्ये ताण मोजणारे बारीक तंतू दाटीने असतात. 1906 साली व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनी सशाचं डोकं पक्कं धरून फक्त धड वळवलं. डोकं हललंच नव्हतं, म्हणजे कान गप्प. तरी डोळे सरकले, आणि तेही धड वळलं त्याच बाजूला! मानेच्या हिशेबाने डोकंच उलट बाजूला वळलं होतं ना. कानाच्या तोलयंत्रणेवरच्या (त्या नलिका तिचाच भाग) कामासाठी बाराणींना 1914 चं नोबेल मिळालं. तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते, युद्धकैदी म्हणून.

मानेचा हा प्रभाव संथ हालचालीत जास्त दिसतो. झटक्याच्या वेळी कानच पुढे. धडधाकट माणसात तो अगदी क्षीण. दोन्ही कानांची तोलयंत्रणा निकामी झाली, तर मात्र जोर धरतो.

[दृश्य : तपासणीच्या टेबलावर कुत्रा.]

तोल जाणारा कुत्रा आला, की पशुवैद्य त्याचं डोकं हळूच डावी-उजवीकडे फिरवतात आणि डोळे पाहतात. मग हनुवटी वर उचलतात. निरोगी कुत्र्याचे दोन्ही डोळे पापण्यांच्या मध्यावर राहतात. एकच डोळा खाली घसरला, तर संशय त्या बाजूच्या तोलयंत्रणेवर. मालकाला वाटतं, डॉक्टर लाड करताहेत.