आपला बांध, खालची वस्ती

(मुंबईत शेतघरांच्या मालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांनी कर्जत, मुरबाड, शहापूर, पाली या भागांत जमिनी घेतल्या आहेत, आणि त्यांतल्या काही जमिनींत ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेले लहानसे तळे आहे. बांध जुन्या मालकाने घातलेला असतो, नाहीतर प्लॉट पाडणाऱ्याने. खरेदीखतात त्याचा उल्लेख झालाच तर ‘तळे’ एवढाच होतो. बांध कोणत्या मातीचा आहे, सांडवा (जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट) किती पाणी पेलतो, बांधाखालून पाइप गेला आहे का, यांतले काहीही त्यात नसते. तरीही तो बांध फुटला तर पाणी मालकाच्या घरात क्वचितच शिरते. ते शिरते ओढ्याच्या काठाने खाली राहणाऱ्यांच्या घरात.

मातीचा बांध मुळात कच्चा असतो असे कोणी समजू नये. मुंबईला १८६० पासून पाणी देणारा विहार तलाव मातीच्याच बांधांनी अडवलेला आहे. पण त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा आहे, आणि तुमच्या बांधाला ती नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा, पूर अशा ठरावीक अटींत बसणारीच त्याच्या कक्षेत येतात. पाच-सहा मीटरचा खासगी बांध त्याबाहेर राहतो. या कायद्याने मोठ्या धरणांना पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी सक्तीची केली आहे. ती तुमच्या बांधावर तुम्हालाच करावी लागेल.

अशा तळ्याचा उपयोग मोठा आहे. विहिरींना पाझर मिळतो, गुरांना आणि झाडांना पाणी मिळते, दिवाळीनंतरही ओढ्याच्या काठाला ओल राहते. मात्र ‘आमच्या तळ्यामुळे खालच्या वाडीचा पूर अडतो’ असे मालक जेव्हा सांगतात, तेव्हा त्यांना थांबवावे लागते. कोकणातल्या पावसात लहान तळे जुलैतच काठोकाठ भरते. त्यानंतर वरून येणारा पूर जवळजवळ जसाच्या तसा खाली जातो, आणि तो कुठून जातो यावरच बांधाचे आयुष्य ठरते.

इथे थोडा हिशेब मांडतो. तळ्यावरच्या डोंगराचे ५० हेक्टर पाणलोट क्षेत्र धरा. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच भिजलेली असली, तर त्या तासात ५० हजार घनमीटरच्या आसपास पाणी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ घनमीटर. हा आकडा भीती घालण्यासाठी निवडलेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दुपारी तासाचा पाऊस शंभरच्या पुढे गेला होता. आता तुमचा सांडवा पाहा. दोन मीटर रुंद सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचा प्रवाह गेला तरी सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आतच पाणी बाहेर पडते. चौदा घनमीटरसाठी त्याच जाडीला २३ मीटरच्या आसपास रुंदी लागेल. उरलेले पाणी तळ्यात चढत राहते, बांधाच्या माथ्यावर येते आणि मागच्या उतारावरून वाहू लागते. दगडी बंधारा असा प्रवाह बराच वेळ सोसतो. मातीचा बांध सोसत नाही. माथा एका ठिकाणी कापला गेला की ते भगदाड काही वेळातच तळापर्यंत जाते. म्हणून मासे वाहून जाऊ नयेत यासाठी सांडव्यावर जाळी बसवणे, जास्त पाणी राहावे म्हणून त्यावर वाळूच्या गोणी रचणे, किंवा सांडव्याच्या जागेवर गाडीचा रस्ता करणे, या तिन्ही गोष्टी मी धोकादायक मानतो. पालापाचोळा आणि ओंडके जाळीत अडकतात ते नेमके पुराच्या वेळी.

दुसरा धोका आतून येतो. मातीतून थोडे पाणी पाझरणारच. ते बांधाच्या पायथ्याशी स्वच्छ निघत असेल तर त्याची नोंद ठेवून लक्ष ठेवावे. ते गढूळ झाले, तर पाण्याबरोबर बांधाची माती बाहेर येते आहे आणि आत पोकळी वाढते आहे, असे समजून त्याच दिवशी जाणकार अभियंत्याला बोलवावे आणि खालच्या घरांना कळवावे. पाइपाच्या कडेची माती नीट ठोकून दाबलेली नसते, म्हणून हा झरा बहुधा पाइपालगत फुटतो. घुशी आणि खेकडे यांची बिळे, तसेच मोठ्या झाडांची मुळे याच वाटा मोकळ्या करतात. बांधावर गवत असावे. आंबा किंवा वड लावू नये. घाबरून तळे एकदम रिकामेही करू नये, कारण पाणी झपाट्याने उतरले की भिजलेला आतला उतार घसरू शकतो.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. ते खासगी नव्हते, पण मातीचे होते, आणि त्याच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. ओढ्याकाठचा माणूस पाणी रोज पाहतो. त्याने काही सांगितले तर ते मालकाने त्याच दिवशी जाऊन पाहिले पाहिजे.

खासगी धरणाचे एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण एका शिक्षणसंस्थेच्या मालकीचे होते आणि त्याची उंची सुमारे १२ मीटर होती. त्यावरची वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबली, तळे मात्र तसेच राहिले. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, मोठ्या पावसानंतर ते फुटले आणि खालच्या बाजूला त्याच संस्थेच्या आवारात राहणारे ३९ जण दगावले. धरणाचा उपयोग वीस वर्षांपूर्वीच संपला होता, त्यामागचे पाणी तसेच होते.

ज्यांना आपल्या तळ्याची देखभाल झेपत नाही, त्यांनी म्हणून ते तसेच सोडून देऊ नये. जानेवारी ते मे या काळात, पाणी हळूहळू उतरवून, जाणकाराच्या देखरेखीखाली बांध ओढ्याच्या तळापर्यंत रुंद कापता येतो. कापाच्या बाजू सपाट उताराच्या ठेवाव्या लागतात आणि साचलेला गाळ आधी काढावा लागतो, नाहीतर पहिल्या पुरात तोच खालच्या शेतांत जाऊन बसतो. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नये, आणि तारीख ठरली की खालच्या वाडीला आधी सांगावे.