यशवंतची आई

पुण्याच्या गंज पेठेतला हा फुले वाडा. १८६८ मध्ये या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. आज मात्र आपण इथे आलोय ते या घरातल्या एका आईला आठवायला.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळा येते. १८४८ साल, भिडेवाडा, अंगावर फेकलेलं शेण, आणि तरीही वर्गात जाऊन उभी राहणारी बाई. त्यांच्या आईपणाबद्दल आपण फारसं बोलत नाही. मला ही गोष्ट फार वर्षं लागून राहिली आहे.

त्यांना पोटचं मूल नव्हतं.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण घरं तो मानत नव्हती. विधवेला दिवस गेले की एकतर तिने विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या बाळाच्या नरड्याला नख लावायचं. अशा बायकांना इथे निरोप होता: गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. या बाळंतिणींचं सगळं सावित्रीबाई बघायच्या.

त्यांतल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. नाव यशवंत. त्याला वाढवलं, शिकवलं. पुढे तो डॉक्टर झाला.

पण समाजाने त्याला फुल्यांचा मुलगा म्हणून सहज स्वीकारलं नाही. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपल्याला मिठात घालून पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन ठरलं. अंत्ययात्रा निघायची वेळ झाली आणि भाऊबंद आडवे आले. टिटवं कोण धरणार? टिटवं म्हणजे विस्तवाचं छोटं मडकं. ते धरून जो पुढे चालतो, तो वारस. दत्तक पोराला हा मान द्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट.

बाप गेलेला, आणि तू त्याचा नाहीस हे त्या विशीच्या आतल्या मुलाला चारचौघांत ऐकावं लागलं.

सावित्रीबाई पुढे झाल्या. टिटवं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. नवऱ्याच्या चितेला अग्नी त्यांनीच दिला. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात एका विधवेने हे केलं. मला त्यात पत्नीइतकीच आई दिसते. लेकाचा अपमान चाललेला असताना ती मध्ये उभी राहिली.

पुढे सत्यशोधक समाजाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. १८९३ च्या सासवडच्या परिषदेच्या अध्यक्ष त्याच होत्या.

आणि मग प्लेग आला.

१८९७. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, ताप फणफणायचा, माणूस उभा राहू शकत नसे. रोग पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. म्हणजे १८९७ साली तो नेमका कसा येतो हेही लोकांना उमगलेलं नव्हतं, आणि आजारी माणसाला बरं करणारं औषध नव्हतं. लोक घरं सोडून रानात राहायला गेले. सावित्रीबाईंनी लष्करात असलेल्या यशवंतला बोलावून घेतलं. हडपसरजवळ, सासऱ्यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. आई रुग्णांना आणायची, मुलगा उपचार करायचा.

मुलाला अशा आगीत हाक मारताना आईच्या मनात काय आलं असेल? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ती स्वतः आधीच त्या आगीत उभी होती.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेतलं. त्यांचं वय तेव्हा सहासष्ट. तापाने भाजून निघालेलं ते पोर पाठीशी घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यापर्यंत आल्या.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

यशवंत पुन्हा लष्कराच्या नोकरीवर गेले. १९०५ मध्ये पुण्यात परत प्लेगची साथ होती, तेव्हा ते रुग्णांसाठी परतले. त्याच साथीत त्यांनाही प्लेगने गाठलं, आणि ते गेले.