वाफ्याला उंची देणाऱ्या फुलवेली

श्रोतेहो, नमस्कार.

फुलांचा वाफा आखताना आपण रंग जुळवतो, हंगाम बघतो, आणि उंचीचा विचार मात्र बहुधा राहून जातो. झिनिया, झेंडू, पेटुनिया सगळं फुलतं, पण गुडघ्याच्या आसपासच. नजर त्यावरून एकदा फिरते आणि पुढे निघून जाते. अशा वाफ्यात एखादी फुललेली वेल डोक्याच्या उंचीपर्यंत चढवली, की तिथे नजर थांबते. झुडूप लावूनही उंची मिळते, पण ते रुंदीही मागतं आणि वाढायला वर्षं घेतं. वेलीला जमिनीत वीतभर जागा पुरते. जाड खोड घडवण्यात तिची शक्ती खर्च होत नाही, म्हणूनच ती इतक्या झपाट्यानं वर जाते.

आधार निवडण्यापूर्वी आपली वेल चढते कशी, हे आधी बघा, असा माझा आग्रह आहे. सुंदर जाळी आणायची आणि मग तिच्यावर मिळेल ती वेल सोडायची, हा क्रम उलटा आहे.

गोकर्ण आणि मॉर्निंग ग्लोरी यांचं खोडच काठीला वेढे घालतं. चार्ल्स डार्विननं एकोणिसाव्या शतकात वेलींच्या या हालचाली तासन् तास बसून टिपल्या. हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या वेलीचा कोवळा शेंडा उन्हाळी दिवसात साधारण 2 तास 8 मिनिटांत हवेत एक पूर्ण फेरी मारतो, असं त्याला दिसलं. शेंडा असा फिरत फिरत आधार शोधत असतो. वेढ्याची दिशाही ठरलेली असते. वरून पाहिलं तर मॉर्निंग ग्लोरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं चढते, हनीसकल काट्यांच्या दिशेनं. म्हणून सुटलेला शेंडा पुन्हा गुंडाळताना शेजारचे वेढे बघून त्याच दिशेनं गुंडाळा. उलटा गुंडाळलात तर तो पुन्हा सुटतो. अशा वेलींना उभी काठी किंवा ताणलेली सुतळी छान जमते.

कृष्णकमळाची आणि स्वीट पीची गोष्ट वेगळी. त्यांचे ताणे, म्हणजे आधार धरणारे धाग्यासारखे तंतू, नाजूक असतात. काहीतरी बारीक स्पर्शाला लागलं की ते त्याला विळखा घालतात, आणि मग ताण्याचा मधला भाग स्प्रिंगसारखा आवळून वेलीला आधाराजवळ ओढतो. वारा आला तरी झटका तिथेच जिरतो. पण या ताण्यांना मनगटाएवढा बांबू धरता येत नाही. त्यांना तार, जाळी किंवा बारीक काटक्या हव्यात. कळलावीत तर पानाचं टोकच ताण्याचं काम करतं. ही वेल फुलली की तिच्यावरून नजर हलत नाही, मात्र तिचे सगळे भाग विषारी असतात, कंद तर फारच. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर ती लावू नका.

चढणारा गुलाब आणि बोगनवेल स्वतः काहीच धरत नाहीत, फार तर काटे अडकवतात. त्यांना बांधावं लागतं, आणि इथे एक युक्ती फार मोलाची आहे. गुलाबाची लांब फांदी सरळ उभी बांधली तर शेंडा खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कोंबांना, दाबून ठेवतो, आणि फुलं फक्त वर टोकाला येतात. तीच फांदी आडवी वाकवून किंवा खांबाभोवती तिरकी फिरवून बांधली, की तिच्यावरचे डोळे जागोजागी फुटतात आणि फुलं खालपासून दिसतात.

वाफ्यासाठी मला सर्वांत आवडते ती साधी बांबूची तिपाई. तीन-चार काठ्या फूटभर खोल रोवायच्या आणि वर टोकाशी घट्ट बांधायच्या. वाफा चार फूट रुंद असेल तर सहा फुटांची तिपाई शोभते. दहा फुटांची तिथे बेढब दिसेल. वाफा चहूबाजूंनी दिसत असेल तर ती मध्यापासून थोडी बाजूला घ्या, भिंतीलगत असेल तर मागे. सावलीचाही विचार हवा: उत्तर गोलार्धात वेल वाफ्याच्या उत्तरेला लावली तर पुढच्या रोपांचं ऊन अडत नाही. आधार मात्र बी पेरण्याआधीच रोवा, नंतर रोवताना मुळं तुटतात.

मधुमालती कितीही मोह घालो, ती तिपाईवर नको. पांढरी, मग गुलाबी, मग लाल होणारी तिची फुलं मलाही प्रिय आहेत, पण तिचं खोड लाकडासारखं होतं आणि भार वाढत जातो. तिला भक्कम मांडव द्या. वाफ्यात हंगामी, हलक्या वेलीच बऱ्या.

मॉर्निंग ग्लोरीचं बी टणक असतं, पेरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवा. खताचा हात आखडता ठेवा, नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो. गोकर्ण आणि स्वीट पीच्या कोवळ्या शेंगा खुडत राहा. शेंगा पोसायच्या नसल्या की वेल पुन्हा कळ्या धरते. बी हवं असेल तर हंगामाच्या शेवटी चार-दोन शेंगा वेलीवरच वाळू द्या, आणि तडकायच्या आत काढून घ्या.